सारख्या बेरजांच्या दोघी

परीक्षेच्या सुपरविजनला उभं राहून पाय भरून आले, म्हणून खुर्चीत बसून कागदावर तीन बाय तीन घरं आखली. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत एकेकच टिंब. मग डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या ओळींतली टिंबं मोजायची आणि तेवढ्यावरून मांडणी ओळखायची. अशा एकूण सहा मांडण्या होतात, त्यांपैकी चार ओळखू येतात. उरलेल्या दोन वेगळ्या असूनही त्यांच्या बेरजा सारख्याच. बेरीज बरोबर येते, पण ओळख पटत नाही.

शिपाईमामा चहा घेऊन आले. “घ्या, साठेबाई.”

साठेबाई शेजारच्या वर्गावर होत्या. त्याही गणिताच्याच, चष्मा जाड, नोकरी सव्वीस वर्षं, सगळं माझ्यासारखंच. पूर्वी मी लगेच म्हणायचे, “मामा, मी गोखले.” आज नुसता कप घेतला.

“बिनसाखरेचाच आणलाय, तुम्हाला लागतो तसा.”

मला दोन चमचे साखर लागते. मी म्हटलं, “छान झालाय.”