ढोलीतला पिंगळा

चष्मेवाल्या काकांनी चाळीस वर्षं काचा घासून अर्ध्या गावाला नीट बघायला लावलं आणि स्वतःचा काचबिंदू मात्र अंगावर काढला. आता उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढंच त्यांना कळे. पण सांगणार कोणाला? कोणी कीव केली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. घरी ‘जरा धूसर दिसतं’ एवढ्यावरच त्यांनी भागवलं होतं. वसंतात दर रविवारी मंडळींना अभयारण्यात पक्षी दाखवायला न्यायचं, एवढा एकच मान उरला होता. तो गेला की घरात खुर्ची धरून बसायचं, हे ते जाणून होते.

त्या सकाळीही गळ्यात दुर्बीण अडकवून ते पुढे निघाले. मागे नेहमीची सात-आठ मंडळी, सगळ्यात शेवटी सून. पायाखालच्या लाकडी फळ्या तोंडपाठ, पक्ष्यांचे आवाज त्याहून पाठ. तांबट बोलला की बोट वर, धोबी बोलला की बोट पाण्याकडे. या माणसाला दिसत नाही, असं कोण म्हणेल?

तिसऱ्या वळणावर ते थांबले. “ते वठलेलं झाड बघा. वरच्या ढोलीत पिंगळा असतो.”

“दिसला,” शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या.

“डोळे मिटून बसलाय,” पोस्टमन म्हणाला.

काका खूश झाले. बुंध्याला हात टेकावा म्हणून दोन पावलं पुढे सरकले, तर हात हवेतच गेला आणि नडगी कशावर तरी आपटली. वाकून चाचपलं. बुंधा आडवा पडला होता. साल सुटलेली, मुळांवरची माती वाळून खडखडीत. झाड पडून महिने झाले असणार.

“मान वळवली बघा,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. कधीपासून? मागच्या रविवारचा खंड्या, त्याआधीची हळद्यांची जोडी, त्यातलं खरं किती? कोणी हसतही नव्हतं, याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

“काका, लागलं का?” बाईंनी विचारलं.

“छे.”

“मग पुढचा पक्षी?”

सगळं सांगून मोकळं व्हावं, असं त्यांना मनापासून वाटलं. पण त्यांनी हात उचलला आणि समोरच्या उंच सावलीच्या शेंड्याकडे बोट केलं.

“रोहित,” ते म्हणाले.

रोहित म्हणजे चिखलात उंच पायांवर उभा राहणारा पक्षी. झाडाच्या शेंड्यावर त्याचं काय काम, हे यातल्या प्रत्येकाला काकांनीच शिकवलं होतं. आता तरी कोणी हसेल म्हणून ते कान देऊन थांबले.



“दिसला,” सून म्हणाली. मग एकेक करत बाकीचेही म्हणाले.