बारीक आवाज

आमच्या घरी सोफ्याच्या आधी होम थिएटर आलं. समोरच्या खोलीत एक पलंग, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, माझं शिलाई मशीन, टीव्ही, आणि भिंतींवर छताजवळ टांगलेले स्पीकरचे पाच लहान बॉक्स. कोपऱ्यात वूफर. यवतमाळच्या कुठल्याशा दुकानदारानं ते यांच्या गळ्यात मारलं होतं. हे म्हणजे माझा नवरा. पांढरकवड्याच्या बाहेर हायवेला लागून एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, तिथे हे फिटर होते. मी घरी ब्लाउज शिवायचे. बसायला धड जागा नाही आणि ऐकायला सहा तोंडं, असं मी म्हणाले होते. हे हसले नाहीत.

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. कधी पीक हातचं जायचं, कधी पीक यायचं आणि भाव जायचा. लोक कापूस घरातच भरून ठेवायचे, खरेदी रखडायची, आणि जिनिंगा एकामागून एक कुलूप लावत होत्या. यांच्या जिनिंगमधले बाकीचे फिटर घरी बसले, हे तेवढे राहिले. राहिले ते कानामुळे. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचा रोलर फिरतो आणि त्याला लागून एक लोखंडी पट्टी असते, तिला चाकू म्हणतात. चाकू जास्त टेकला की रोलर तापतो आणि रुईला आग लागायला वेळ लागत नाही. तापण्याआधी एक बारीक चिरका आवाज येतो. सगळ्या यंत्रांच्या गदारोळात हे चालता चालता थांबायचे, एका यंत्राकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, 'हे बंद करा.' मालक त्याचाच पगार देत होते.

आणि तोच कान गेला होता. ते मला एका दुपारी कळलं. गॅसजवळ हे पाटावर बसून लसूण सोलत होते. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. कुकर शिट्टीवर शिट्टी देत होता. धावत आत आले तर डाळ करपलेली आणि हे शांतपणे लसूण सोलताहेत. 'बंद काहून नाही केला जी?' मी विचारलं. 'शिट्टीच नाही झाली अजून,' म्हणाले. खोटं बोलणारा माणूस नव्हे. मी करपलेलं भांडं घासायला घेतलं आणि कोणाजवळ काही बोलले नाही, यांच्याजवळही नाही. मुलगी यवतमाळला होस्टेलवर शिकत होती. माझ्या ब्लाउजांवर घर चाललं असतं असं नव्हतं.

होम थिएटर लावलं त्याच आठवड्यात यांची कुरकुर सुरू झाली. 'धमधम बरोबर येते. पन बोलनं समजत नाही. मालच हलका देल्ला त्यानं.'

'असंन,' मी म्हणाले.

दुसरा कोणी असता तर सामान परत नेऊन दुकानदाराशी भांडला असता. हे फिटर. बिघाड शोधायची यांची रीत एकच: एकेक कारण तपासून बाजूला काढायचं, शेवटी जे उरेल तो बिघाड. मला भीती वाटायची ती त्या रीतीची. स्पीकर जितका सुधारत जाईल तितके हे स्वतःच्या कानाजवळ येत जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

सगळ्यात आधी वायरी गेल्या. दुकानदारानं केसासारख्या वायरी दिल्या होत्या, त्या काढून यांनी जिनिंगच्या भंगारातली जाड तांब्याची वायर मागून आणली. मग छताजवळचे बॉक्स खाली आले. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, तोंड पलंगाकडे; मधला टीव्हीखाली. वूफर कोपऱ्यातून बाहेर आला, कारण कोपऱ्यात तो नुसता घुमतो. समोरच्या उघड्या भिंतीवर माझ्या लग्नातली गोधडी टांगली, आवाज आदळून परत येऊ नये म्हणून. आल्या-गेल्याला वाटायचं, आम्ही गोधडी विकायला काढली आहे.

प्रत्येक बदलानंतर परीक्षा. एका जुन्या हिंदी सिनेमाची सीडी होती. त्यात एक बाई कपात चमचा ढवळत ढवळत नवऱ्याशी हळू आवाजात बोलते. तेवढाच तुकडा हे पुन्हा पुन्हा लावायचे आणि मला पलंगावर बसवायचे. 'आइक. फरक वाटते का?'

फरक वाटायचा. खरंच वाटायचा. मी म्हणायचे, 'थोडासा.'

'मले काही वाटून नाही राह्यला,' हे म्हणायचे आणि पान्हा-पेचकस घेऊन पुन्हा मागे जायचे.

मग बॉक्समध्ये रुई भरली. पोकळ डब्यात आवाज खणखणतो, आत काही मऊ असलं की तो शांत होतो, असं यांना यवतमाळच्या एका रेडिओवाल्यानं सांगितलं होतं. यांनी स्वच्छ पिंजलेली मूठ मूठ रुई भरली. आमचा शेजारी त्याच जिनिंगच्या वजनकाट्यावर कामाला होता, त्याच्याकडेही साधे दोन स्पीकर होते. तो बघून गेला आणि त्यानं घरात पडलेला कापूस सरकीसकट आपल्या बॉक्समध्ये कोंबला. घरात कापूस पडूनच होता, त्या वर्षी कोणाच्या घरात नव्हता? सरकीच्या वासानं उंदीर बॉक्समध्ये शिरले आणि आतून स्पीकरचा कागदी पडदा कुरतडून टाकला. शेजारी तो फाटका स्पीकर हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला तेव्हा यांना हसू आवरेना. त्या सगळ्या प्रकरणात हे एवढे एकदाच मोकळे हसले.

शेवटी उरला मधला बॉक्स. टीव्हीखालचा. सिनेमातलं बोलणं त्यातूनच येतं, आणि दुकानदारानं त्यात अगदी फुसका स्पीकर बसवला होता. नवा आणायची ऐपत नव्हती. हे एसटीनं यवतमाळला गेले, रेडिओवाल्याकडून एका मोडीत निघालेल्या जुन्या टेपडेकचे दोन स्पीकर घेऊन आले, एक मोठा आणि बारीक आवाजासाठी एक लहान. सुताराकडून प्लायचा जाड बॉक्स करून घेतला, आत रुई भरली, वायरींना सोल्डरचे टाके स्वतः मारले. एवढी निगुतीनं केलेली वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. मग ती सीडी लावली.

चमचा कपाच्या कडेला लागतो तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. बाईनं बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच मला भीती वाटली. कारण आता बदलायला काही उरलं नव्हतं.

'काय वाटते?' यांनी विचारलं.

'बरं आहे,' मी म्हणाले. यांनी तोच तुकडा पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी हे जिनिंगला गेले. हंगामाआधीची साफसफाई चालू होती. मी मशीनचा पेचकस घेतला, मधल्या बॉक्सची मागची फळी काढली आणि लहान स्पीकरची वायर धागा कातरायच्या कात्रीनं कापली. फळी परत लावली. हंगाम सुरू होणार होता आणि मला त्याचा पगार पदरात पाडून घ्यायचा होता.

संध्याकाळी सीडी लावली. बाई तोंडावर पदर घेतल्यासारखी बोलायला लागली. मी स्वतःहूनच म्हणाले, 'आज आवाज दबल्यासारखा वाटून राह्यला.'

यांचा चेहरा इतका खुलला की मला बघवेना. 'म्हनलं नव्हतं मी? जुना माल हाय, किती दिवस टिकन?' त्या रात्री हे दोन पोळ्या जास्त जेवले. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी यांनी बॉक्स उघडला. मी मशीनवर होते, पाठ यांच्याकडे. मागे पेचकस फिरायचा थांबला. मी वळून पाहिलं तर हे वायरीचं टोक बोटावर धरून बसलेले. वायर ओढून तुटली तर तिचे तंतू विस्कटतात, कापली तर टोक सरळ असतं. फिटरला हे काय सांगायचं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टाका मारायचं यंत्र तापायला ठेवलं. वायर जोडली, फळी लावली, सीडी टाकली.

यावेळी मात्र हे टीव्हीकडे बघत नव्हते. खुर्ची वळवून माझ्यासमोर बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. चमचा वाजला.

'आला?'

'नाही आला,' मी म्हणाले.

'तुया डोळ्यात आला ना,' हे म्हणाले. 'मले नाही आला.'

एवढ्या महिन्यांत ते वाक्य घरात पहिल्यांदा बोललं गेलं. मी टीव्ही बंद केला.

'उद्या मालकाले सांगतो,' हे म्हणाले.

'येड लागलं का? इथं बिनकामाचे फिटर गल्लीगल्लीत बसले आहेत. या हंगामापुरतं काढून घ्या. कोनाले समजते?'

'चाकू घासला आन मले समजलं नाही तं? आत बाया असतात कापूस टाकाले.'

माझ्या हिशेबात त्या बाया नव्हत्याच. माझं घर होतं, मुलगी होती, हे होते. त्या बायांतली एक तर मागच्या गल्लीतली, माझ्याकडूनच ब्लाउज शिवून न्यायची. मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग, यांचं बरोबर होतं म्हणून वाटला.

सकाळी हे गेले. मी ब्लाउजची बाही दोनदा उलटी लावली आणि दोनदा उसवली. दुपारी हे परत आले ते सरळ मागच्या अंगणात गेले, नळाखाली हात धरून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

'काय म्हनले मालक?' मी दारातून विचारलं. यांना ऐकू गेलं नाही.

अशा वेळी मी जवळ जायचे, खांद्याला हात लावायचे आणि हळू बोलायचे. भिंतीपलीकडे वजनकाट्यावरचा शेजारी राहत होता, त्याच्या कानावर काही जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मी दारातून हलले नाही. होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, 'काय म्हनले मालक?'

शेजारीण तिच्या अंगणात आली आणि भिंतीवरून बघायला लागली.

हे वळले. 'दुसरा फिटर पाह्यतो म्हनले,' असं तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं, आणि हात पुसायला टॉवेल मागितला.