तबकडीवरची बाई आणि माझा गळा

मला सुरातलं कळतं. मिरवायला सांगत नाही. बँडवाल्याच्या घरी जन्मलेल्या पोरीला नाही कळायचं तर कुणाला? नाशिक रोडला अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लग्नाचा बँड होता. अण्णा स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. देवळालीतल्या एका पारशी बाईंनी त्यांच्या वाजवण्यावर खूश होऊन एक जुनी तबकडी भेट दिली होती. कुठल्याशा इंग्रजी सिनेमातली गाणी, गाणारी एकच बाई, आणि पाकिटावर तिच्यामागे ट्रंपेट-सॅक्सोफोनवाल्यांच्या तीन रांगा. तो सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिला नाही. पण नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला की अण्णांचा बँड तिचं पहिलं गाणं वाजवायचा, आणि वऱ्हाडी ते आपलंच असल्यासारखे नाचायचे.

बँडमध्ये नोटेशन कुणाला येत नव्हतं. तबकडी लावायची, कान देऊन ऐकायची आणि तसंच वाजवायचं. शब्द मी देवनागरीत लिहून पाठ केले. अर्थाशी आपलं काही देणंघेणं नव्हतं. सतराव्या वर्षी कळवणच्या एका लग्नात अण्णांनी मला बँडच्या गाडीवर उभं करून हातात माईक दिला. शेवटच्या वरच्या सुराला माझा आवाज फाटला. सगळी वरात हसली.

"तुझा गळा नाय चढत तिथवर," परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, आणि माईक दुसऱ्याकडे गेला. मी चार दिवस रडले. मग रडणं सोडलं आणि गाणंही. पुढे इतकी वर्षं बालवाडी चालवली, पण प्रार्थना कायम मदतनीस बाईंनाच म्हणायला लावली.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने अण्णांसाठी नवा रेकॉर्ड प्लेअर आणला. तबकडी लावली आणि मी कपाळाला हात लावला. बाईचा आवाज जडावलेला, मागचा बँड रेंगाळलेला. "मशीन बिघडलेलं आहे, परत कर," मी फर्मान सोडलं. मुलगी हट्टी, माझ्यावरच गेलेली. तिने पाकिटावर छापलेली गाण्याची वेळ पाहिली आणि मोबाइलवर मोजायला सुरुवात केली. सेकंदाला सेकंद जुळला. मग तेच गाणं जुन्या प्लेअरवर लावलं, तर ते वीसेक सेकंद आधीच संपलं.

जुन्याचं झाकण उघडलं. मोटरच्या छोट्या चाकावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचे वेढे होते.

"तबकडी फिरवणारा पट्टा चाकावरून घसरायचा," अण्णा म्हणाले, "म्हणून मीच गुंडाळली होती."

चाक जाड झालं, तबकडी जोरात फिरू लागली, आणि ती बाई होती त्याहून उंच गाऊ लागली. तोच चढा सूर खरा मानून अख्ख्या बँडने गालफडं फुगवली, आणि मी गळा फोडून घेतला. ती बाईसुद्धा तेवढं वर कधी गेली नव्हती! मला भयंकर संताप आला. जवळजवळ चाळीस वर्षं मी स्वतःला बेसूर समजत होते, तेही एका चिकटपट्टीपायी.

नव्या मशीनवर गाणं पुन्हा लावलं, आणि अण्णांसमोर उभी राहून मी तिच्यासोबत म्हटलं. छपन्नाव्या वर्षी गळा काही सतराचा राहत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी शेवटचा सूर लागला, अगदी स्वच्छ, आणि मी तो तिच्यापेक्षा क्षणभर जास्तच धरला.

अण्णांच्या डोळ्यांना धार लागली. "उगाच उतरवलं गं तुला गाडीवरून," ते म्हणाले.

अशा वेळी 'जाऊ द्या हो, अण्णा' म्हणायची आपल्याकडे रीत आहे. मी म्हटलं नाही. "हो, उगाचच," म्हटलं, आणि तबकडी उलटली. त्या बाजूला अजून पाच गाणी होती, आणि ती सगळी मला म्हणायची होती.