यात आपलंच आहे

माझा दादा प्लंबर आहे आणि त्याला घाण सहन होत नाही. हसा, सगळेच हसतात. लहानपणी त्यानं कुणाच्या उष्ट्या पेल्यातून घोट घेतला असेल तर शपथ! आणि नशिबी आलं काय, तर लोकांचे तुंबलेले संडास. नाकाला रुमाल बांधून, शिव्या घालत तो काम उरकायचा आणि मग सभागृहामागच्या तळ्यात उतरायचा. एक बुडी मारली की चेहरा निवळायचा. "आता माणसात आलो," म्हणायचा.

हे सभागृह अगदी तळ्याच्या काठावर. दादा तिथं प्लंबर, मी चहाच्या काउंटरवर. दादाची नोकरी तात्पुरती. लेक झाली तेव्हा तात्पुरती, ती शाळेत जायला लागली तरी तात्पुरतीच. कायम झाला असता तर राहायला क्वार्टर मिळाली असती. नाहीतर आई, मी, दादा, वहिनी आणि पोर, सगळे एका खोलीत. एकानं कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची.

तर तिथं परिषद भरली. विषय काय, तर गोड्या पाण्याची तळी आणि त्यांचे किनारे कसे वाचवायचे. किनाऱ्याची वाळू झाडून घेतली, फलक लावले, पाहुणे आले. आणि खाणं तरी किती! भाषणाआधी खाणं, भाषणानंतर खाणं. खाल्लेलं जाणार कुठं? पहिल्याच दुपारी मैल्याची टाकी गळ्यापर्यंत आली. उपसणारी गाडी बोलवावी, तर ती पुढच्या फाटकातूनच येते, आणि फाटकात स्वागताची कमान!

मॅनेजर दादाला मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं एक जुना व्हॉल्व्ह आहे. तो उघडला की टाकीत न मावणारं सगळं सरळ तळ्यात जातं.

"उघड. तात्पुरतं."

"साहेब, तळ्यात?"

"परिषद संपली की बंद कर. तुला कायम करायचं माझ्याच हातात आहे, विसरू नकोस."

शी! पाहुण्यांसमोर हाच माणूस पाण्याला जीवन म्हणत होता. दादानं पाना लावला. मला सांगतानासुद्धा त्याला उमासे येत होते. त्या संध्याकाळी तो तळ्यात उतरला नाही. घरी येऊन अंगावर बादल्यांवर बादल्या ओतत बसला. आई म्हणाली, "अरे, कातडं सोलून काढतोस का?" त्यानं आणखी एक बादली ओतली. वहिनीला मात्र सांगितलं, क्वार्टर मिळणार. तिचा आनंद मला बघवेना.

शेवटच्या दिवशी समारोप किनाऱ्यावर. आम्हा कामगारांनाही रांगेत उभं केलं होतं. मुख्य पाहुण्या बाई तशा प्रेमळ हो, त्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या घोटाभर पाण्यात उतरल्या आणि काचेचं भांडं भरून आणलं. म्हणे, प्रत्येकानं एकेक घोट घ्यायचा आणि तळं राखायची शपथ घ्यायची. आणि भांडं दिलं कुणाच्या हातात? दादाच्या! "या वास्तूचं पाणी हे सांभाळतात. पहिला मान यांचा."

दादा पांढराफटक पडला. मॅनेजर डोळे वटारून बघत होता.

"नको हो बाई," दादा कसाबसा म्हणाला. "यात... यात सगळं आपलंच आहे."

बाईंचे डोळे भरून आले. "ऐकलंत? आपलंच आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अख्खा किनारा ओरडायला लागला, "आपलंच आहे! आपलंच आहे!" देवा रे देवा! सगळ्यात मोठा आवाज मॅनेजरचा. ओरडता ओरडताच तो दादाच्या कानाशी लागला, "वाचलास. आता तोंड बंद."

आणि खरंच वाचला होता. सांगायचं ते सांगून झालं होतं, कुणाला कळलं नव्हतं, नोकरी शाबूत होती. बाईंनी त्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि ओठांशी नेलं. दादानं त्यांचं मनगट धरलं.

"गू आहे हो बाई! या संडासांतला. मीच सोडलाय, या हातांनी."

पुढचं सांगतानाही मळमळतं. भांडं वाळूत पडलं. पाण्यात उभे राहून फोटो काढणारे किंचाळत बाहेर आले. का सोडलास, कुणी सोडायला लावलं, एकानं तरी विचारावं? छे! सगळे हात-पाय धुवायला पळाले. कुठं? त्याच संडासांकडे! नळ सोडले, साबण चोळला, आणि ते सगळं त्याच पाइपातून परत तळ्यात. मैल्याची नाही, मला या माणसांची किळस आली.

दादा मागे गेला. त्यानं व्हॉल्व्ह आवळून बंद केला आणि पाना मॅनेजरच्या हातात ठेवला. "उद्यापासून येऊ नकोस," हे ऐकायलाही तो थांबला नाही. आत पाणी तुंबायला लागलं होतं, आरडाओरडा फाटकापर्यंत ऐकू येत होता.

घरी वहिनीनं क्वार्टरवर न्यायची भांडी जुन्या चादरीत बांधून ठेवली होती. दादानं दारातूनच सांगून टाकलं. ती खाली बसून गाठ सोडायला लागली. गाठ इतकी घट्ट बसली होती की तिला दात लावावे लागले.