तिच्या राखेतली ज्वारी

आमच्याकडं आता बरेच लोक राख नदीला नेत न्हाईत. शेतात एक खड्डा घेतात, त्यात राख टाकतात आन वर आंबा न्हाईतर जांभूळ लावतात. पाणी घाण होत न्हाई आन माणसाची सावली मागं राहती, असं म्हणतात. माझी बायको भादव्यात गेली. राख सावडायला आलेल्या भावकीनं मलाबी तेच सांगितलं, बांधाला एक खड्डा घे. मी म्हणलो, ती काय एका खड्ड्यात बसणारी बाई होती का? उभा जन्म तिनं हे वावर खुरपलं, तिला सगळं वावर द्यायचं. टोपलं काखेला लावलं आन खत इस्कटावं तशी राख मी सगळ्या वावरात इस्कटली. कुणी अडवलं न्हाई. रडणाऱ्या माणसाला कोण अडवतं?

खड्डा घेतला असता तर बरं झालं असतं. झाडापाशी जाऊन बसता आलं असतं, आन बाकीची जमीन नुसती जमीन राहिली असती. पुढं पाऊस उघडून वाफसा झाला, पोरानं ट्रॅक्टरनं कुळवाची पाळी घातली, ज्वारी पेरली, आन दिवाळी करून तो आन सून ऊसतोडीला गेले. घरात मी एकटा. ज्वारी वर आली आन मला पाय ठेवायला जागा उरली न्हाई. तण माजलं तरी आत जाववंना. बांधावरनंच चकरा मारायचो.

तेराव्याला कीर्तनकार म्हणले होते, देव कणाकणात हाय, जीव कुठं जात न्हाई, सगळ्यात मिसळतो. मंडपात सगळ्यांच्या माना डोलत होत्या. लोक ऐकतात, जेवतात आन घरी जातात. माझ्या ते अंगात शिरलं. ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा मी तिच्याशी बोलायला लागलो. पोराचा फोन आलता. शेळी व्याली. माझा गुडघा लई दुखायलाय. वारं आलं की पानं सळसळायची. मी थांबायचो. पण ते वारंच असायचं.

पौषात हुरडा आला. शेजारच्या वावरात माझ्या बरोबरीचा एक गडी हाय, त्याचीबी बायको गेलेली. त्यानं माझ्या तुकड्यातली चार कणसं मोडली, गोवऱ्याच्या आरात भाजली आन तळहातावर चोळून खात बसला. जन्मभर आमी एकमेकांचा हुरडा असाच खाल्लाय, इचारायची पद्धत न्हाई. मी पोचलो तेव्हा त्याच्या तोंडात घास होता.

"थुक," मी म्हणलो.

"काय झालं बे?"

"थुक म्हणतो ना. तिला खायलास तू."

तो आधी हसला. "वहिनीनं जित्तेपणी मला कधी उपाशी धाडलं न्हाई, आता मेल्यावर धाडती का?"

मी त्याची मान धरली. दोघंबी म्हातारे, दोघांच्याबी अंगात दम न्हाई. त्याचं धोतर सुटलं, माझी टोपी आरात पडून जळाली. मग धापा टाकीत शेजारी शेजारी बसलो.

"ऐक बे," तो म्हणला, "मेलं ते मेलं. वर कुणी न्हाई आन मातीतबी कुणी न्हाई. माझी गेली तेव्हा मीबी लई हुडकलं. सकाळी डोळं उघडलं की उठायचं का न्हाई ते आपलं आपण ठरवायचं. दुसरं कुणी सांगाया येत न्हाई."

"मग तू कावून उठतो?"

"म्हशीची धार काढायला."

"म्हैस मेल्यावर?"

"दुसरी घेईन."

ज्वारी माझ्या लेकीनं आन जावयानं माणसं लावून काढली. पोती घरात आली. जुनी ज्वारी संपली होती. लेक नेकनूरला दिलेली, नवी ज्वारी बाधती म्हणून तिला सांगितलं, तर तिनं बाजरी धाडली, गहू धाडला, ते पोटात ठरंना. आन पोत्याला हात लावायची माझी हिंमत होईना. मी चहावर राहिलो. करगोटा सैल झाला. एक दिवस येष्टीच्या थांब्यावर चक्कर येऊन पडलो. मग लेकीनं बीडला नेलं, मनाच्या डॉक्टरकडं. डॉक्टरीण लेकीपेक्षा लहान.

"बाबा, काय त्रास होतो?"

"बायको मेली."

"ते तुमच्या लेकीनं सांगितलं. अजून?"

"अजून काय पायजे?"

ती रागावली न्हाई. मग मी सगळं सांगितलं, पोत्यांचंबी. लेक बाजूला बसून ऐकत होती, तिला हे ठाऊक नव्हतं. डॉक्टरणीनं इचारलं, "खाल्लं तर काय होईल, असं वाटतं?"

हे मला कुणीच इचारलं नव्हतं. मी म्हणलो, "खाल्लं तर ती संपंल."

"आणि नाही खाल्लं तर?"

"मी संपंन."

"बाबा, गोळीनं झोप येईल, तेवढं मी करते. दुःख घालवायची गोळी माझ्याकडं नाही. आणि खायचं की नाही, ते मी ठरवू शकत नाही."

मला संताप आला. एवढ्या लांब येऊन धोंडा परत माझ्याच गळ्यात. येष्टीत डोकं भणभणत होतं. कीर्तनकाराचं धरलं तर ती पोत्यात हाय. गड्याचं धरलं तर कुठंच न्हाई. डॉक्टरणीचं धरलं तर जे काय हाय ते माझ्या डोक्यात हाय. मी चौथी शिकलेला माणूस. मला एक धरून बाकीची सोडता येईनात. तिन्ही खरी असली तर काय करायचं? ती सगळ्यात हाय, आन तरी न्हाई, आन माझ्याशिवाय तिला कुणी धरून ठेवायला न्हाई. घर येईपर्यंत एवढंच जमलं.

दुसऱ्या दिवशी लेकीला म्हणलो, "पोतं फोड. दळून आण."

ती दळून घेऊन आली. तिनं भाकरी थापली. ताटात वाढली आन इचारलं, "आबा, मीबी खाऊ?"

"खा."

आमी दोघांनी एकदमच घास तोंडात घातला. मला वाटलं होतं काहीतरी होईल. तिचा वास येईल, न्हाईतर कुणीतरी मला शिव्या देईल. मी लई वेळ घास चावत राहिलो.

"कडू लागती का?" लेक म्हणली.

"न्हाई. ज्वारीचीच चव हाय. दुसरं काहीच न्हाई त्यात."

ती पदर तोंडाला लावून रडली. मी सबंध भाकरी खाल्ली. भूक लागलेली होती, आन पोट भरल्याची मला लाज वाटली.

आता लेक तिच्या घरी गेली. भाकरी मीच थापतो, फाटती, तशीच खातो. कणाकणात ती हाय हे मी सोडलं न्हाई, पण एकाबी कणातनं हाक येत न्हाई, हेबी मला कळतं. रोज सकाळी चूल पेटवायची का न्हाई, ह्यावर मी अंथरुणात भांडतो. कुणाशी भांडतो ते ठाऊक न्हाई. मग उठतो, पीठ मळतो. पोती आता थोडीच राहिलीत. ती संपल्यावर काय खायचं, ते मला सुचत न्हाई.