मालवणला पाण्यात उतरले तेव्हा

शिरूरच्या पंक्चरच्या दुकानात ओल्या रबराचा वास आला आणि मला मालवणची ती बोट आठवली. माझा थोरला भाऊ वडगाव रासाईला भीमेत बुडाला, तेव्हापासून आईनं मला पाण्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. चाळिशीत मी त्या बोटीत पाण्याखाली बघायचा रबरी मास्क तोंडावर चढवला.

"भीती वाटत असेल तर बोटीतच बसा, ताई," गाईड म्हणाला.

"न्हाई. उतरायचंच हाय मला."

खालच्या प्रवाळावर पाय टेकवायला मनाई होती. गाईडचा हात धरून मी तरंगत राहिले. निळे मासे अगदी जवळून गेले.

तेव्हा मला माझ्या धाडसाचंच कौतुक होतं. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाण्याच्या आत लई अंधार असतो का गं?"

"न्हाई आई. लख्ख उजेड असतो."