मी सांगेपर्यंत

मस्कतला निघालो तेव्हा डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली रिक्षा उभी होती आणि आई माझ्या कॉलरचं बटण लावत होती. न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे काय, हे बाबा शेजारच्या काकांना सांगत होते. "म्हणजे बॉम्ब बनवणार का रे हा?" काका म्हणाले. बाबा हसले. त्यांना सांगता येईना, आणि मला थांबायचं नव्हतं.

आता इथे मी ट्रेनी मुलांना शिकवतो. पहिला धडा एकच: किरणोत्सर्गी औषध दिलेल्या पेशंटजवळ कमीत कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये शिशाचा आडोसा ठेवा. हे मला चांगलं जमतं.

गेल्या वर्षी आईला थायरॉइडसाठी ठाण्यात रेडिओआयोडीनचा, म्हणजे तसल्याच किरणोत्सर्गी औषधाचा, डोस दिला. हॉस्पिटलने थोडेच दिवस जपायला सांगितलेलं. मी फोनवर वहिनीला म्हटलं, त्यांचं राहू दे, मी हेच शिकवतो. आईचं ताट-पेला वेगळा, तुझ्या छोटीला तिच्याजवळ जाऊ द्यायचं नाही, मी सांगेपर्यंत. मग बॅचच्या परीक्षा आल्या आणि सांगायचं राहून गेलं. फोन व्हायचे. आईला कशी आहेस विचारायचो, ती बरी म्हणायची. बाहेर राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना वाटतं, फोनवरून घर सांभाळता येतं.

काही महिन्यांनी सुट्टीवर गेलो. आई गॅलरीत एकटीच जेवत होती. पुतणी उंबऱ्याशी थांबून तिच्याशी गप्पा मारत होती, पुढे यायचं नसतं हे अंगवळणी पडल्यासारखी. मी म्हटलं, अगं, हे कधीच संपलं.

"तू कुठे सांगितलंस रे?" आई म्हणाली. तक्रार नव्हती. शिकलेल्या मुलाचा शब्द होता, तो तिने पाळला.

बाबांनी पेपरची घडी घातली. "गावात माझ्या आज्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतायचे. आपण धम्म घेतला, गाव सोडलं. आणि तू शिकून वेगळं ताट घरात आणलंस."

ते वेगळं, हे वेगळं, असं मी वर्गात सहज समजावलं असतं. तेव्हा फार काही वाटलं नाही, हे आज लिहून टाकतो.

आई आत जेवू लागली. पुतणी तिच्या मांडीवर मात्र बसली नाही. तोवर तिची ती सवय सुटलेली.

घर कुठे विचारलं तर अजून डोंबिवलीच म्हणतो. सुट्टीवर गेलो की बेल वाजवून जरा मागे उभा राहतो. आई दार उघडते आणि तीही मागेच थांबते. पुढे कोणी यायचं, ते आम्हा दोघांनाही कळत नाही.